काडीचं वजन

आत्या : हा आमचा काडी नाही.

मूर्तिकार : मावशी, फोटो समोर ठेवून घडवलाय. कान मोजून बघा हवं तर.

आत्या : कान त्याचेच. घोडा घोडा खेळताना पाठीवर बसून मीच ओढून लांब केलेत. चेहरा त्याचा नाही.

भाची : अगं आत्या, दोघा काकांचा हा एकच तर फोटो आहे, भरतीच्या दिवशीचा. उद्या साचा निघणार, मग दोघांचे पुतळे शाळेच्या फाटकाशी बसणार. आता कुठे— बाळा, थू कर! थू! माती आहे ती!

मूर्तिकार : राहू द्या हो, चाळलेली आहे.

भाची : चाळलीत, उकळली नाहीत ना?

मूर्तिकार : मावशी, नीट बघा तरी. ओठ घट्ट मिटलेले. कपाळावर आठी. नजर पार क्षितिजापलीकडे. एकोणीस वर्षांचा पोरगा, पण काय तो निर्धार! नुसत्या त्या निर्धारावर माझे तीन आठवडे गेलेत.

आत्या : त्याला लघवी लागली होती.

मूर्तिकार : काय?

आत्या : क्षितिजबितिज काही नाही. त्या बाजूला मुतारी होती.

मूर्तिकार : आणि थोरल्याच्या गालावरचा हा ताण? मी संयम समजून घडवला तो!

आत्या : हसू दाबतोय, मेला.

भाची : आत्या, हे तू पन्नास वर्षांनी सांगतेस? तेही साच्याच्या आदल्या दिवशी?

आत्या : विचारलंय कोणी? सगळे नुसते हार घालतात. थोरला सकाळीच पास झाला. काडी अर्धा किलो कमी भरला. डॉक्टर म्हणाले, चारला परत ये, भरलास तर ठीक, नाहीतर घरी जा. मी अकरा वर्षांची, डबा द्यायला गेलेली. दोघांनी मला कामाला लावलं. चार केळी. मी सोलणार, तो गिळणार. वर नळाचं पाणी, पेल्यावर पेला.

मूर्तिकार : भरला मग?

आत्या : काटा बरोबर रेघेवर. डॉक्टर म्हणाले, "आता खोकू नकोस बाबा." पळत बाहेर आला, तर फोटोवाला आडवा. म्हणे, हलू नका. आणि त्या शहाण्यानं तीनदा काढला फोटो.

भाची : अगं बाई! आणि फोटोखाली लिहिलंय काय, तर 'करारी मुद्रा'!

आत्या : हस, हस. थोरला घरी येईपर्यंत हसत होता. आठ महिन्यांनी लढाई लागली. मंगळवारी थोरल्याची तार आली, शुक्रवारी काडीची.

भाची : ...आत्या, म्हणून तू बाळाच्या वजनाचं नाव काढलं की अंगावर येतेस?

आत्या : दर सोमवारी तू त्याला काट्यावर ठेवतेस, आणि दोनशे ग्रॅम वाढला म्हणून घर डोक्यावर घेतेस. मला नाही बघवत तो काटा.

भाची : मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.

आत्या : तुझं कसलं चुकतंय? चौथ्या पेल्याला तो नको म्हणत होता गं. "चिमणे, आता नाही जात." मीच म्हटलं, "एवढाच घे. नाहीतर दादा एकटा जाईल."

भाची : तू अकरा वर्षांची होतीस, आत्या.

आत्या : पाणी पाजायला तेवढं वय पुरतं.

मूर्तिकार : मावशी, माती अजून ओली आहे. सांगा, काय करू? ओठ सैल करू का?

आत्या : ओठ असू देत. गालाची आणि गळ्याची माती काढा. अर्धा किलो. प्लास्टर मोजायचा काटा आहे ना तुमच्याकडे?

मूर्तिकार : अर्धा किलो फार होईल. गाल आत जातील.

आत्या : आतच होते. उगाच काडी म्हणायचो का?

(मूर्तिकार तारेनं माती कापून काट्यावर ठेवत जातो.)

भाची : चारशे दहा... चारशे सत्तर... बाळा, हात नको लावू! थांब, तुझ्या मुठीतली पण टाक इथे. हां. पाचशे.

मूर्तिकार : खरंच की. घाई गेली चेहऱ्यावरची.

आत्या : हा आमचा काडी. काय हो, आता बसतो का हा त्या भरतीच्या डॉक्टरांच्या मापात?

मूर्तिकार : नाही बसत, मावशी.

आत्या : मग घरी जा म्हणावं.