केवलरामांची कोपऱ्याची चाल

कॅम्प-1 वस्तीतल्या दवाखान्यात मृणाल नंबरची वाट पाहत होती. मागच्या बाकावर स्टील प्लांटमधून रिटायर झालेले केवलराम बायकोला, नलूला, बुद्धिबळातली स्वतः शोधलेली चाल समजावत होते.

“पहिले दोन्ही कोपऱ्यांतले प्यादे काढतो. मंग भट्टीचे दरवाजे उघडल्यावानी हत्ती मोकळे.”

“अन् मधात राजा उघडा पडते, ते?”

“आजवर मात केली काय कोणी?”

“माह्याशिवाय खेळते कोण तुमच्यासंगं?”

“मंग तू कावून नाही करत? दिसून राहिलं ना तुले?”

“दिसते न जी, रोजच. पण डाव संपला का तुम्ही टीव्ही लावून बसता.”

मृणालने मोबाइल पर्समध्ये ठेवला.

“नलू, आज मात दे मले. टीव्ही नाही लावत.”