गफारचाचांची ढाबळ

एक्स-रेचं पाकीट गफारचाचा आणि त्यांची लेक अलिजा यांच्यामध्ये पडून होतं, आणि बराच वेळ कुणीच त्याला हात लावला नव्हता. कळंबच्या दवाखान्यात आपल्या नंबराची वाट पाहत त्याच बाकावर बसलेल्या मथुराबाईंनी दोघांकडं पाहायचं टाळलं. कान मात्र मिटता येत नाहीत.

"अब्बा, डॉक्टर काय म्हणाले, कळलं का?"

"फुप्फुसात वण धरलाय म्हणं. जखम भरली की वण राहतोच."

"जखम भरली की पेशींनी एकमेकींना 'आता थांबा' सांगायचं असतं. तुमच्या पेशी अजून 'भरा, भरा' असाच निरोप धाडतायत. वणावर वण चढतोय, श्वासाला जागा उरंना."

"मग निरोप थांबवायचं औषध द्या म्हणावं."

"गोळ्यांनी वेग कमी होईल. पण तुमच्या ढाबळीतल्या कबुतरांच्या पिसांची धूळ रोज आत गेली, तर रोज नवी जखम."

"म्हणून तर सगळी कबुतरं मुरुम गावाला देऊन आलो की."

"आणि काल आपल्या घराच्या माळवदावर बावीस बसली होती."

"घरची वाट इसरत न्हाईत ती. त्यात माझा काय गुन्हा?"

"वाट त्यांना ठाऊक असंल. पण ढाबळीचं दार कुणी उघडं ठेवलं होतं, अब्बा?"

गफारचाचा उठले, भिंतीला हात लावून क्षणभर दम खात थांबले, आणि बाहेर चालू लागले.