दातार सर आणि रिकामा कंस

काकू, सरांचे भाऊ, कसब्यातले शेजारी आणि ऑफिसमधले आपण सगळे,

इथे उभं राहून बोलणं मला जमेल असं वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही. पण काकू म्हणाल्या, "तू बोल." म्हणून बोलते.

मी मांजरी गावची. आमच्या घरातली पहिली पदवीधर. दातार सरांच्या हाताखाली लागले तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "तुझं सायेब नेमकं काय काम करत्यात?" मला धड सांगता आलं नाही. आज सांगते. इथेही पुष्कळांना ते ठाऊक नसेल.

आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी प्रोग्राम लिहिते. रुग्णाला घरी सोडलं, तपासणीची तारीख बदलली, की घरच्यांच्या मोबाइलवर मराठीत निरोप जातो. तो मजकूर प्रोग्रामच्या आत लिहिलेला नसतो. वेगळ्या, साध्या फाइलींत असतो. नावाच्या जागी, तारखेच्या जागी महिरपी कंस. प्रोग्राम फाइल उघडतो, ओळ न् ओळ वाचतो, कंस ओळखतो आणि तिथे खरी माहिती भरतो. आम्ही त्याला टेम्प्लेट म्हणतो. सर साचा म्हणायचे.

सरांचा नियम एकच. कंस रिकामा राहिला तर निरोप जाणार नाही. प्रोग्रामने थांबायचं, आणि का थांबलो ते सांगायचं. कुणी कुरकुरलं, "सर, एवढ्याशा कंसासाठी?" की सर विचारायचे, "लग्नपत्रिका नवरदेवाचं नाव गाळून वाटता का? वाटत असाल तर तसं सांगा."

एका साच्याला मात्र कुणी हात लावायला तयार नसायचं. मृत्यूच्या. निधनानंतर कागद कुठे मिळतील, कुणाला भेटायचं, ते त्यात असतं. चाचणीसाठी त्यात कुणाचं तरी नाव घालावं लागतं. कोण घालणार? सरांनी स्वतःचं घातलं. आणि फोन नंबर काकूंचा.

काकू, हे आठवून परवा आपणच हसलात, म्हणून सांगते. चाचणी झाली की काकूंना निरोप जायचा, आपले नातेवाईक श्री. दातार यांचे निधन झाले आहे. लगेच काकूंचा फोन. "अहो, आज परत गेलात का?" सर म्हणायचे, "गेलो. येताना कोथिंबीर आणायची आहे का?" सगळं ऑफिस ऐकायचं.

त्या साच्यात शेवटी सरांनी एक ओळ घातली होती. 'ही बातमी आपल्याला प्रत्यक्ष सांगणाऱ्याचे नाव', आणि पुढे कंस. म्हणजे आधी डॉक्टरांनी किंवा नर्सनी समोर बसून सांगायचं. मग आपलं नाव भरायचं. मगच निरोप. सर म्हणायचे, "मरण माणसाने सांगायचं. यंत्राने कागद कुठे मिळतील तेवढं सांगावं."

हॉस्पिटलला त्याचा खोळंबा वाटला. नावं भरत बसायला वेळ नाही, म्हणाले. मीटिंग झाली. सर भांडले. सर हरले. कंस रिकामा असला तरी निरोप जाऊ द्यायचा, असं ठरलं. सरांनी लिहिलेली रिकाम्या कंसाची तपासणी प्रोग्राममधून काढली गेली. ठरवणारे परके नव्हते, आपल्याच कंपनीचे साहेब होते. आज ते पहिल्या रांगेत बसले आहेत.

मग सरच त्या हॉस्पिटलात दाखल झाले. छातीत दुखत होतं. काळजीचं कारण नाही, लवकर सोडू, असं सांगितलं होतं. काकू डबा न्यायला घरी आल्या होत्या. आणि निरोप आला.

काकूंना वाटलं, चाचणी. दुसरं काय वाटणार? त्यांनी सरांना फोन लावला. उचलला गेला नाही. मग मला लावला. हसत होत्या. "अगं, पलंगावर पडूनसुद्धा ह्यांची चाचणी चालूच? सांग त्यांना, निघालेय म्हणावं."

ऑफिसात त्या दिवशी कुठलीच चाचणी चालू नव्हती.

विश्रांतवाडीच्या ऑफिसातून मी हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा काकू आधीच आल्या होत्या. हातात डबा. नर्स म्हणत होती, "तुम्हाला कळलंच असेल." डॉक्टर म्हणाले, "मेसेज गेलाय ना?" प्रत्येकाची समजूत एकच, कुणीतरी सांगितलंय. मी काकूंचा फोन हातात घेतला. शेवटची ओळ तिथे होती. सांगणाऱ्याचे नाव. पुढे काही नाही.

काकू परवा मला म्हणाल्या, "सगळे भेटून गेले गं. पण मला अजून कुणी सांगितलंच नाही."

साहेब, आपल्याला सर्वांसमोर एक सांगते. ती तपासणी मी परत घालणार आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे. रिकामा कंस पुढे ढकलणारा प्रोग्राम हवा असेल, तर तो लिहायला दुसरं कुणी शोधा. आमच्या घरात नोकरी करणारी मी एकटी आहे. ते लक्षात ठेवूनच बोलते आहे.

आणि काकू. त्या दिवशी कुणीतरी समोर बसून जे करायला हवं होतं, ते राहून गेलं. आपली हरकत नसेल तर मी करते.

काकू, दातार सर गेले. दुपारी गेले. डॉक्टर जवळ होते. वाचवायची खूप धडपड झाली. यश आलं नाही. सर आता नाहीत, काकू.

आपण सगळे उभे राहू या. काकू, आपण बसून राहा. थोडा वेळ कुणीच काही बोलू नये.