गंजासुराच्या तोंडची माझी वाक्यं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमच्या डबिंग स्टुडिओचे मालक, प्रमुख पाहुण्या मुख्याध्यापिका बाई, माझ्या शेजारी नवा शर्ट घालून अवघडून बसलेले आमचे रेकॉर्डिस्ट, संवादलेखिका ताई, समोरचे सहकारी, त्यांच्या घरची मंडळी, आणि ‘गंजासुर, ओरडून दाखव’ म्हणत मघापासून खुर्च्या बडवणारी पहिल्या रांगेतली बाळगोपाळ मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

ओरडणार नाही, बाळांनो. घसा बसलाय. बावीस वर्षं एका कार्टून मालिकेतल्या राक्षसाला आवाज दिला, त्यातून जे उरलंय त्यावर आज भागवा. डॉक्टर म्हणाले होते की भाषणही करू नका. पण शाल घ्यायची आणि गप्प बसायचं, हे काही बरं दिसत नाही.

बाईंनी आत्ताच त्यांच्या भाषणात आमची चांगली हजेरी घेतली. मुलांच्या मालिकांतले खलनायक आणि तो सगळा अंधार काढून टाका, मुलांच्या मनावर परिणाम होतो, असं त्या म्हणाल्या. आमचे मालक मान डोलावत होते. ते कोणाच्याही भाषणाला मान डोलावतात, त्यामुळे त्याचं सोडा. पण बाई, त्याच अंधारावर माझं पोट चाललं, तेव्हा दोन शब्द मी बोलू का?

गंजासुराने हात लावला की लोखंड गंजतं. मी सात शहरांचे पूल पाडलेत. एकदा तर चंद्रावर गंज चढवला. मुलं समोर बसून खात-पीत बघत होती, एकानेही घास टाकला नाही. का टाकेल? गडगडाट करून हसणारा खलनायक आपण दुष्ट आहोत हे लांबूनच सांगत येतो. त्याला घाबरायची मजा असते. शेवटी तो हरतो आणि मुलं अभ्यासाला बसतात. निदान तसं सांगतात तरी.

बावीस वर्षांत मुलांनी घाबरून पत्रं पाठवली ती एकाच भागाबद्दल. आणि त्या भागात, बाई, मी कोणाला साधं बोटही लावलं नव्हतं.

आमच्या कामाची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आरोळ्या, किंकाळ्या नेहमी शेवटी करायच्या, कारण त्यानंतर घसा कामाचा राहत नाही. त्या दिवशी मी घरून भांडून आलो होतो. रेकॉर्डिस्टना म्हटलं, “आधी आरोळ्याच घ्या, मला आज ओरडायचंच आहे.” त्यांनी दोनदा विचारलं, “काका, नक्की?” मी ऐकलं नाही. तासाभरात घसा गेला. मग आला तो प्रसंग. गंजासुराने लहानाची मोठी केलेली मुलगी किल्ला सोडून निघालीय, आणि तो दरवाजा लावून घेतो. ताईंनी वाक्य दिलं होतं, “तू इथेच राहशील.” मी ते म्हटलं आणि संपलं, पण पडद्यावर त्याचं तोंड हलतंच होतं. आमच्याकडे तोंड हलतंय आणि आवाज नाही, याच्याएवढं पाप नाही. ताई तापाने घरी होत्या. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाले, “काका, तोंड उरतंय. भरा काहीतरी.”

मी भरलं. घसा नव्हता म्हणून हळू बोललो. “बाहेर जाऊन काय करणार आहेस? इथे काय कमी आहे तुला? मी आहे ना.”

बरोब्बर बसलं. रेकॉर्डिस्टनी अंगठा वर केला. ताईंनी नंतर ते तसंच ठेवलं. आणि मग पत्रं आली. एका मुलाने लिहिलं होतं, ‘हा गंजासुर नको, आधीचा ओरडणारा आणा.’ एका मुलीने लिहिलं, ‘माझी आत्या हे ऐकून उठून आत गेली.’ मालक खूश झाले. म्हणाले, हे प्रत्येक भागात घ्या. आज तुम्ही टी-शर्टवर छापून फिरता ते हेच वाक्य, “मी आहे ना.”

सगळे मला विचारतात, हे सुचलं कसं? दरवेळी मी सांगतो, अभ्यास, निरीक्षण. खोटं आहे ते. ती वाक्यं मी त्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात बोललो होतो, तीही त्याच क्रमाने. माझ्या मुलीला नकाशे तयार करणाऱ्या एका कार्यालयात नोकरी लागली होती, दुसऱ्या शहरात. तिची आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर तीही ओरडली असती आणि गेली असती. मी हळू बोललो. तिने हातातला डबा भरून मला दिला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. याला अकरा वर्षं झाली.

ती पाचव्या रांगेत बसलीय. नको, मागे वळून बघू नका, तिला आवडत नाही.

त्याच कार्यालयाचं पुन्हा पत्र आलंय. आज सात वाजेपर्यंत होकार कळवायचाय. सकाळी तिने मला सांगितलं. मी काय म्हटलं? “आजचा समारंभ होऊ दे, मग बघू.” आमच्या घरात ‘मग बघू’ म्हणजे काय, ते तिला पाठ आहे. ती म्हणाली, “बरं, बाबा. तुमचा झब्बा कुठला काढू?”

आणि मघाशी अध्यक्षांनी ती गोड बातमी जाहीर केली. मी निवृत्त होणारच नाही! स्टुडिओ माझ्या घरातल्या मागच्या खोलीत ध्वनिरोधक कक्ष बांधून देणार. खिडकी बुजवायची, भिंतींना जाड थर लावायचे, आणि रेकॉर्डिंगचं मशीन माझी मुलगी चालवणार. बापलेक घरबसल्या काम करतील! तुम्ही केवढ्या टाळ्या वाजवल्यात. अध्यक्षमहाराज, ती मागची खोली तिची आहे. ती त्या खिडकीपाशी झोपते. आणि मी इथून बघत होतो, तिनेही टाळ्या वाजवल्या. तुमच्या सगळ्यांच्या थांबल्यावरही तिच्या दोन-तीन जास्त पडल्या.

तेव्हा मालक, कक्ष नको. मी निवृत्त झालो. अगं, ऐकतेस ना? होकार कळव. माझा डबा, माझी औषधं, माझं मी बघेन. मला येत नसेल तर शिकेन.

हसतेय ती. तिला वाटतंय, बाबा रंगात आलेत. बरोबरच आहे तिचं. मी आयुष्यभर आवाज काढूनच पोट भरलं, आणि आज खरं बोलायचं तर तोच आवाज वापरावा लागतोय.

बाई, मालिकांत दरवाजा उघडला की मुलगी लगेच पळत सुटते. आमची अजून मांडीवर पर्स घेऊन बसलीय.

आवरतं घेतो. तुम्ही मानाने बोलावलंत, एवढं प्रेम दिलंत, स्टुडिओने मला सांभाळलं, सर्वांचा मी ऋणी आहे. या सभागृहात काही कमी-जास्त बोललो असेन तर मोठ्या मनाने पोटात घाला. घरात जे बोललो, त्याची माफी मागायला हे व्यासपीठ पुरणार नाही, आणि ती तिने द्यावीच असंही नाही.

अजून बरंच बोलायचं होतं. पण सातला आठ मिनिटं आहेत, आणि बाप बोलत असताना उठून जायचं नाही, अशी मीच तिला सवय लावलीय. म्हणून थांबतो.