फळीवरचा उजवा हात

मंडळी, टाळ जरा थांबवा, एक सोपा प्रश्न आहे. तुमचा उजवा हात कोणता? — अरे वा! सगळ्यांचे वर! ती मागची मावशीसुद्धा, डावा केला होता, शेजारणीचा बघून बदलला! असू द्या. आता अवघड प्रश्न. शेवटच्या दिवशी प्रभू राजा होऊन गादीवर बसेल, भुकेल्याला, उघड्याला ज्यांनी जवळ केलं ती त्याची मेंढरं उजव्या हाताला, ज्यांनी हाकललं ती शेरडं डाव्या हाताला काढील. तुम्ही कुठल्या हाताला? — बघा, आता एकही हात वर नाही!

ऐका तर. सोनगव्हाणचं आमचं चर्च शंभर वर्षांचं झालं. पंचमंडळ बसलं. पंचमंडळ म्हणजे चर्चचा कारभार बघणारी पाच माणसं. देवाला एकट्याला झेपत नाही ना, म्हणून! अध्यक्ष शांतवन पारधेमास्तर. चाळीस वर्षं शाळेत, आणि चूक? एकही नाही! त्यांनीच सांगितलं असल्यामुळे खरंच असणार. ठरलं की शताब्दीला एक चित्र काढायचं, घरोघरी लावायचं. विषय — शेवटचा न्याय. आणि मेंढरांमध्ये चेहरे कोणाचे? पंचमंडळाचे! विनय बघा, विनय!

काम दिलं सत्वशीला वाघचौरेला. गावचीच पोर, चित्रकलेच्या शाळेत शिकलेली. तिची रीत अशी — सागवानी फळी घ्यायची, पटाशीनं चित्र कोरायचं, वर शाईचा रूळ फिरवायचा, कागद दाबायचा, की छाप तयार. तीन महिने खपली बिचारी. मधोमध राजा. एका हाताला पाचही पंच, हुबेहूब, मास्तरांच्या चष्म्यासकट! आणि त्यांच्या बरोबरीनं, खांद्याला खांदा लावून — हौसाबाई. दुसऱ्या हाताची बाजू अजून कोरायची होती.

हौसाबाई कोण? चर्च झाडणारी. आणि तिचा गुन्हा? ऐका, भयंकर आहे! पौषाच्या थंडीत एक आजारी म्हातारा चर्चच्या ओसरीवर येऊन पडला. अंगावर चिंधी नाही. बाईनं इकडंतिकडं पाहिलं, आत गेली, प्रभूची भाकर जिथं मोडतात त्या प्रभुभोजनाच्या मेजावरची पांढरी चादर ओढली आणि त्याला गुंडाळलं! पवित्र चादर! म्हातारा वाचला हो, पण चादरीला डाग पडला! पंचमंडळानं हुकूम काढला — हौसाबाईनं मेजाला यायचं नाही. सात महिने ती बाई दाराबाहेर चपलांपाशी बसून उपासना ऐकत होती. आत भाकर मोडायची वेळ आली की पदर तोंडाला लावायची. आणि आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब? ते बदलीची वाट बघत होते.

तर मास्तर गेले फळी बघायला. बघतात तो काय — स्वतः राजाच्या डाव्या हाताला! आणि शेजारी ती!

“सत्वशीला! हे काय? आम्ही डावीकडं?”

“मास्तर, छाप उलटा उमटतो. फळीवरचं डावं कागदावर उजवं होतं. तुम्ही बरोबर जागी आहात.”

“मला शिकवतेस? फळ्यावर उजवं-डावं तुला मीच शिकवलंय!”

“तो फळा होता, मास्तर. ही फळी आहे.”

आता गुरुजींना उलट बोलायचं? झाली बैठक. चहा आला, बिस्किटं आली आणि ठराव झाला! ‘पंचमंडळास राजाच्या उजव्या हातास कोरावे, हौसाबाईस डाव्या हातास कोरावे.’ एकमतानं मंजूर! पंचांतल्याच चिटणीसानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली पाचही जणांनी सह्या ठोकल्या. देवाला अजून तारीख ठरवता आली नाही, आम्ही दोन कप चहात निकाल लावून मोकळे!

कोरलेलं लाकूड काही भरून येत नाही. पोरीनं नवी फळी घेतली, ठराव समोर ठेवला आणि अक्षर न् अक्षर पाळलं.

शताब्दीचा रविवार. चर्च गच्च भरलेलं. मास्तरांनी स्वतःच्या हातानं चित्रावरचा पडदा ओढला! राजाच्या डाव्या हाताला पाचही पंच, चष्म्यासकट. आणि उजव्या हाताला एकटी हौसाबाई, मांडीवर तो म्हातारा, त्याच्या अंगावर पांढरी चादर.

मास्तर कडाडले, “कोणी सांगितलं असं करायला?”

सत्वशीलानं ठराव वाचून दाखवला. पाचही सह्या वाचल्या.

लोक हसायला लागले. हसतीलच! पण तेवढ्यात दारातून हौसाबाईचा आवाज आला. चित्राकडं बघत होती ती, टक लावून.

“सत्वशीला, मास्तरांना एवढं लांब का गं बसवलं? इकडं घे की त्यांना. माझ्यापाशी लई जागा हाय.”

हसणं बंद झालं, मंडळी. आधीच्या फळीचा छाप काढला असता, तर तिथंच होते मास्तर! तिच्या शेजारी, राजाच्या उजव्या हाताला! तिथून स्वतःच्या सहीनं उठून गेले होते. उभे राहिले, दारापर्यंत गेले, चपलांपाशी वाकले. म्हणाले, “बाई, मेजाला चला. आणि मला येऊ द्याल का तुमच्याबरोबर?”

त्या दिवशी पहिली भाकर हौसाबाईच्या हातावर पडली. चित्र बदलायचं नाही, असं मास्तरांनीच सांगितलं.

हे बघा ते चित्र, बरोबरच आणलंय. डाव्या हाताचा तिसरा, मिशावाला — ओळखलात? हसा, खुशाल हसा! चिटणीस मीच होतो. सुवाच्य अक्षर माझंच.

पण मंडळी, आत येताना तुमच्या फाटकाशी एक माणूस बसलेला दिसला, पाय सुजलेले. कोणीतरी त्याला सांगत होतं, ‘उठ, इथं कीर्तन आहे.’ कोण ते मी विचारत नाही. मी आता भजन धरतो. तेवढ्यात कोणीतरी बाहेर जा आणि त्याला आत आणा. इथं पुढं, माझ्या शेजारी जागा आहे.