खोट नसलेली जागा

आई : आणि वाईट? वाईट काय लिहिलंय ते वाचलंच नाहीत.

बाबा : वाईट कोणी काही लिहिलेलं नाही. सगळे खूश आहेत. हे ऐक. "खोलीच्या खिडकीतून तळं अगदी समोर. सकाळी पाण्यावर धुकं उतरतं आणि—"

आई : अहो, तुमची तब्येत बरी आहे ना? इतकी वर्षं या घरात चांगला अभिप्राय कोणी वाचलेलाच नाही. लॅपटॉपवर हॉटेल उघडलं की तुम्ही थेट खाली. एक स्टारवाल्यांच्या वस्तीत.

मुलगी : आई, वाचू दे त्यांना. मी दुकान नोकरावर टाकून आलेय, दुपारी मला परत काउंटरवर उभं राहायचंय. आज बुकिंग करून टाकू. आणि आधी मी काढलेली जागा बघ... म्हणजे, ऐक. खोली तळमजल्यावर. एकही पायरी नाही. बाथरूममध्ये धरायला दांड्या. खिडक्यांना दुहेरी काचा, बाहेरचा आवाज अजिबात आत येत नाही.

आई : आणि बाहेर काय आहे?

मुलगी : बाहेर... हिरवळ आहे.

आई : म्हणजे मी दांडी धरून हिरवळीशेजारी बसायचं. ते मला आपल्या गॅलरीतही जमेल. दोन कुंड्या आहेत, दांडी तेवढी लावून घ्या.

मुलगी : डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? दुसऱ्या डोळ्यातही मधोमध डाग धरलाय. तो आता जाणार नाही, वाढणारच आहे. उद्या एखादी पायरी चुकली म्हणजे?

आई : डोळा माझा आहे, मला ठाऊक आहे. कडेकडेने दिसतं अजून. तुझ्या बाबांचे कान दिसतात. तोंड दिसत नाही, पण त्यात माझं फार नुकसान झालंय असं नाही.

बाबा : त्यावर हसत जाऊ नकोस गं.

आई : मग काय, तुमच्यासारखी चांगले अभिप्राय वाचत बसू?

मुलगी : बाबा, ही तळ्याकाठची जागा तीच ना? माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तुम्ही मला दाखवली होती ती?

बाबा : तीच.

मुलगी : मग तेव्हा का नाही गेलात?

बाबा : पहाटे बोटींची भकभक असते, झोप होत नाही, असं एकाने लिहिलं होतं.

मुलगी : आणि ती डोंगरावरची?

बाबा : तिथे वारा फार.

मुलगी : समुद्राजवळची?

बाबा : चादरींना खारट वास येतो असं—

मुलगी : असं एकाने लिहिलं होतं. एकाने. बाकीचे सगळे आनंदाने राहून आले, त्यांचं काही नाही. बाबा, कपबश्यांच्या कारखान्यात तुम्ही तपासनीस होतात, मान्य. ढिगातला तडा गेलेला कप शोधायचा, त्याचाच पगार मिळायचा. पण घरी आल्यावर तरी?

बाबा : सवय लागते बाळा. कप हातात आला की टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर बाजूला. निवृत्त झालो आणि हातातले कप गेले. मग तू हा लॅपटॉप आणून दिलास, त्यात ही हॉटेलं सापडली. मला वाटलं, हिला न्यायचं तर अशा जागी न्यावं जिथे काही खोट नाही. नकाशावर रस्त्याचे फोटो असतात, त्यांतून मी त्या तळ्याच्या रस्त्याने कितीदा चाललोय. स्टँडवर उतरलं की उजवीकडे वळायचं. कोपऱ्यावर सायकलींचं दुकान. पुढे पिवळ्या फाटकाशी एक कुत्रा झोपलेला असतो. कधीही बघा, झोपलेलाच.

आई : म्हणजे तुम्ही जाऊन आलात. मीच राहिले.

मुलगी : बघा. आणि आता हिला धुकं वाचून दाखवताय. वरातीमागून घोडं.

आई : चिमणे, पुरे.

मुलगी : पुरे कशाला? तुला धड दिसत होतं तेव्हा दर उन्हाळ्यात तू ती मोठी बॅग काढून पुसायचीस. मी बघायचे ना.

आई : पुसायचे. आणि परत माळ्यावर टाकायचे. आठवतंय मला. माझे डोळे गेलेत, डोकं नाही.

बाबा : बोलू दे तिला. बरोबरच बोलतेय. मी तर म्हणतो, राहू दे हे सगळं. तुला दिसणार नाही आणि मी तिथे खिडकीत बसून काय करू? मला नाही बघवणार ते तळं. बाळा, मिट गं तो लॅपटॉप.

(लॅपटॉप मिटल्याचा आवाज. कुणीतरी कप बशीत ठेवतं, तो थोडा वेळ डुगडुगत राहतो.)

आई : उघडा ते.

बाबा : अगं, पण—

आई : उघडा म्हणते ना. आणि आधी मला एक सांगा. या घरात आपण चहा कशातून पितो?

बाबा : कपातून.

आई : कसल्या कपातून?

बाबा : आमच्याच कारखान्यातल्या. बाद केलेल्या.

आई : एकाचा कान वाकडा. एकावरचं फूल उलटं. आणि हा एक, बशीत कधी धड बसलाच नाही. तुम्हीच बाद केलेत आणि तुम्हीच पिशवीत घालून घरी आणलेत. त्यांच्यावर सगळा संसार झाला. कधी चहा अगोड लागला? हिच्या सासरची माणसं पहिल्यांदा आली, ती त्याच कपांतून पिऊन गेली आणि पोरीला होकार देऊन गेली.

मुलगी : सासूबाई अजून वाकड्या कानाचाच कप मागतात.

आई : मग? खोटीच्या कपांनी माझं काही अडलं नाही. हॉटेलात तेवढी खोट नको, हे कोणी ठरवलं?

बाबा : कप मी आणले होते. तू मागितले नव्हतेस. तळं तू मागितलं होतंस. इतक्या वर्षांत तोंडाने मागितलेली ती एकच गोष्ट. म्हणून भीती वाटायची. तिथे नेलं आणि तुझी झोप झाली नाही, काही बिघडलं, तर तोंड कुठे लपवू?

आई : हे तेव्हा सांगायचं होतं.

बाबा : सुचलं नाही.

आई : मला वाटायचं, तुम्हाला माझ्याबरोबर जायचंच नाही. दर वेळी काहीतरी कारण शोधताय.

बाबा : काय बोलतेस हे?

आई : वाटायचं. बॅग पुसताना दर वेळी वाटायचं. आणि मीही विचारलं नाही. आपण दोघंही तसलेच.

मुलगी : आई...

आई : जाऊ दे. रडायला सवड मिळेल पुढे, डोळ्यांना आता दुसरं काम काय आहे? वाचा हो तुम्ही. वरचं नको. खालचं, एक स्टारवालं वाचा.

बाबा : "पहाट व्हायच्या आतच मासेमारीच्या बोटी सुरू होतात. इंजिनाची भकभक थेट उशाशी."

आई : हं. पुढे.

बाबा : "जिना लाकडी आहे, पाऊल टाकलं की कुरकुरतो. कोण वर गेलं, कोण खाली आलं, सगळ्या हॉटेलला कळतं."

आई : मला तेच हवंय. इथे तुम्ही मागे येऊन उभे राहता आणि मला पत्ता लागत नाही. पुढे.

मुलगी : आई, तू खरंच ऐकतेयस हे?

आई : गप बस गं. आजवर या घरात झालेलं हे सगळ्यात चांगलं वाचन आहे.

बाबा : "बेडूक रात्रभर ओरडतात. खिडकी बंद केली तरी पाण्याचा आणि माशांचा वास खोलीभर. वारा एवढा की वाळत टाकलेला टॉवेल उडून तळ्यात गेला. मालकाकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, इथला वारा असाच आहे."

आई : हीच जागा. बुक करा.

मुलगी : पायऱ्या आहेत गं तिथे.

आई : कुरकुरणाऱ्या आहेत. आणि यांचे कान दिसतातच मला. ते धरून चढेन.

मुलगी : तुझ्यापुढे कोणाचं काही चालत नाही. बरं, तारखा टाकल्या. खोल्या दोन प्रकारच्या आहेत. एक तळ्याकडची, एक मागची, स्वयंपाकघराच्या बाजूची. कुठली घेऊ?

बाबा : मागची घे. समोरची कशाला आता?

आई : समोरची घे.

बाबा : अगं, पण तुला—

आई : मला नाही, तुम्हाला तर दिसतं ना? मी एकटी थोडीच चाललेय? तुम्ही खिडकीत बसायचं आणि काय दिसतंय ते मला सांगायचं. मघासारखं गोड गोड नको. तुमच्या पद्धतीने सांगा. पाणी गढूळ असलं तर गढूळ म्हणा. धुकं नसलं तर नाही म्हणा.

बाबा : सांगेन.

आई : आणि तो कुत्रा जागा दिसला तर तेही सांगा.

बाबा : सांगेन म्हटलं ना.

मुलगी : झालं. समोरचीच घेतली. मेसेज आला बघा तुमच्या फोनवर. आणि बाबा, परत आलात की ते रिव्ह्यू मागतील. जगाचे वाचलेत, स्वतः आजवर एकही लिहिला नाहीत. या वेळी लिहा.

बाबा : लिहीन.

आई : काय लिहाल? काढाल ना त्यांची काहीतरी खोट?

बाबा : लिहीन, जागेत खोट नव्हती. आणणाऱ्याने उशीर केला.