बेचाळीस पावलं

डोळ्यांच्या दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेले एक काका बसले होते. शेजारी आईला घेऊन आलेला एक तरुण.

"काय झालं, काका?"

"विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शिपाई आहे मी. अ‍ॅसिड उडालं. डावा वाचेल म्हणतात, देवाची कृपा."

"लगेच धुतले नाहीत?"

"धुवायचा नळ पार जिन्यापाशी. बेचाळीस पावलं, तीही चाचपडत. आत ठेवला तर म्हणे काचेची भिंत वाईट दिसते."

"काका, ती इमारत मीच आखली. नकाशात नळ आधी टेबलापाशीच होता. मीच हलवला."

"इमारतीचा फोटो झकास आला होता हो पेपरात. लेकीने दाखवला."

"नका ना, काका."

"बरं. माझा नंबर पुकारला. दार किती पावलांवर?"

"आठ असतील. हात द्या."

"मोजत चला."